चार वर्षांच्या शिपायाला गाव कुठलं?

१६८५ सालची गोष्ट. इंग्लंडच्या नैऋत्येला सॉमरसेट नावाची काउंटी आहे (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा), तिथे टाँटन नावाच्या गावात मॉनमथचा ड्यूक येऊन उभा राहिला आणि मीच खरा राजा असं जाहीर करून बसला. शेतकरी, विणकर, किरकोळ दुकानदार असे लोक त्याच्यामागे गेले. लंडनमध्ये दुसरा जेम्स राजा घाबरला आणि त्याने त्याच जून महिन्यात घाईघाईत नव्या पलटणी उभ्या करायची ऑर्डर काढली, त्यातली एक हंटिंग्डनच्या अर्लला दिली, त्याने ती मुख्यतः बकिंगहॅमशरमध्ये माणसं गोळा करून उभी केली. जुलैमध्ये सेजमूरच्या दलदलीत बंड चिरडलं गेलं, मग जेफ्रीज नावाच्या न्यायाधीशाने टाँटनच्या किल्ल्यात कोर्ट भरवून रांगेने फाशीच्या शिक्षा दिल्या.

आता गंमत बघा. सॉमरसेटच्या लोकांचं बंड मोडायला म्हणून, दुसऱ्याच काउंटीतली माणसं घेऊन जी पलटण उभी राहिली, तीच पुढे सॉमरसेट लाईट इन्फन्ट्री. सॉमरसेटची शान वगैरे. आणि तिचं म्युझियम कुठे आहे तर टाँटनच्या त्याच किल्ल्यात.

मला हे वाचल्यापासून हसूही येतं आणि डोक्यात एक किडाही वळवळतो. कारण आपल्याकडे गेली काही वर्षं रेजिमेंटच्या नावावरून जी भांडणं चालू आहेत, अमक्या समाजाची रेजिमेंट हवी, अग्निपथमुळे (म्हणजे चार वर्षांच्या लष्करी नोकरीची योजना) तमक्या रेजिमेंटमध्ये आता बाहेरचे येणार, परंपरा बुडणार, या सगळ्यात 'परंपरा' हा शब्द असा वापरला जातो की जणू ती देवाने दिलेली गोष्ट आहे. आणि समोरचे म्हणतात की ही सगळी इंग्रजांची घाण आहे, टाका काढून. दोन्ही बाजू इंग्रजांचं नाव घेतात पण इंग्रजांनी स्वतःच्या घरात पलटणींचं नेमकं काय केलं ते कोणी बघत नाही. ते बघितलं तर माझ्या मते भांडणाचा मुद्दाच बदलतो.

सॉमरसेटवाल्यांचंच उदाहरण घेतो कारण त्यांची आणि आपली गाठ बरीच जुनी आहे.

पहिली जवळपास शंभर वर्षं या पलटणीला सॉमरसेटचं नावच नव्हतं. आधी कर्नलच्या नावाने ओळखायचे, १७५१ ला नंबर मिळाला, तेरावी. १७८२ मध्ये वरून फर्मान आलं की प्रत्येक पलटणीला एकेक काउंटी जोडा म्हणजे भरती बरी होईल, तेव्हा हिच्या वाट्याला सॉमरसेट आलं. भरती काही बरी झाली नाही. पलटण जिथे जाईल तिथे माणूस मिळेल तो घ्यायचा हाच रिवाज राहिला, आणि १८३० साली अख्ख्या ब्रिटिश फौजेतले शंभरातले ४२ जण आयरिश होते! म्हणजे ज्या फौजेला आपण 'इंग्रज फौज' म्हणतो तिच्यातला निम्म्याच्या आसपास शिपाई हा इंग्रजांनीच गांजलेल्या देशातून, बटाट्याच्या शेतातून पोटासाठी आलेला.

शेजारच्या डॉर्सेटची पलटण तर याहून भारी. ३९ वी. १७५४ ला मद्रासला उतरली, हिंदुस्थानात आलेली ब्रिटिश राजाची पहिली पलटण, प्लासीला हजर, आणि त्यावरून तिने 'हिंदुस्थानात प्रथम' असं लॅटिन ब्रीद मिरवलं. पण ती उभी राहिली होती आयर्लंडमध्ये, १७८२ ला तिला नाव मिळालं ईस्ट मिडलसेक्स, आणि डॉर्सेट हे नाव चिकटलं १८०७ मध्ये, प्लासीनंतर ५० वर्षांनी. पुढे १८८१ ला तिच्यात ५४ वी पलटण मिसळली, तिचं नाव तोवर वेस्ट नॉरफक. म्हणजे डॉर्सेट रेजिमेंट बरोबर ईस्ट मिडलसेक्स अधिक वेस्ट नॉरफक. डॉर्सेट कुठाय यात? टेबलावर.

आणखी एक. १८५८ च्या एप्रिलमध्ये आझमगडला कुंवरसिंहांच्या फौजेने इंग्रजांना कोंडून ठेवलं होतं, त्यांना सोडवायला लॉर्ड मार्क कर याच्या हाताखाली हीच तेरावी सॉमरसेट गेली. त्या एका दिवसाच्या लढाईत पलटणीला दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, एक सार्जंट विल्यम नेपियर, एक प्रायव्हेट पॅट्रिक कार्लिन. नेपियर यॉर्कशरचा, कार्लिन बेलफास्टचा. सॉमरसेटचा एकही नाही. तरी दोघं सॉमरसेटचे हिरो, आणि याबद्दल तिथे कोणाला काही वाटत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी परत येणारे यावर.

मग काउंटी रेजिमेंट म्हणून जे काही आपण ऐकतो, गावाची पलटण, चर्चमध्ये लटकवलेली जुनी निशाणं, बापानंतर मुलगा त्याच रेजिमेंटमध्ये, ते आलं कुठून? तर ते आलं एका भरतीच्या हिशोबातून. १८७० च्या आसपास कार्डवेल नावाचे युद्धमंत्री होते. प्रशियाने फ्रान्सला धूळ चारलेली, आणि ब्रिटनकडे राखीव सैन्य म्हणून काही नाही, कारण शिपाई एकदा भरती झाला की म्हातारा होईपर्यंत तिथेच. कार्डवेलनी नोकरीची मुदत कापली. साधारण ६ वर्षं प्रत्यक्ष फौजेत, पुढची ६ वर्षं घरी राहून राखीव. पैसे देऊन अधिकारीपद विकत घ्यायची पद्धत बंद केली. आणि त्याचबरोबर देशाचे ६६ भरती-जिल्हे पाडले, दोन-दोन पलटणींची जोडी लावली, एक परदेशात, एक घरी, घरच्या पलटणीने पोरं तयार करायची आणि बाहेरच्या पलटणीला पुरवत राहायचं. १८८१ ला चिल्डर्स आले, त्यांनी नंबरच काढून टाकले आणि जोडीला एक रेजिमेंट करून काउंटीचं नाव कायमचं दिलं, गावातली मिलिशिया आणि हौशी व्हॉलंटियर तुकड्याही तिलाच जोडल्या. टाँटनला डेपो झाला, बराकीचं नाव जलालाबाद बराक.

आता 'परदेशात' म्हणजे मुख्यतः कुठे? आपल्याकडे. १८५७ नंतर इंग्रजांनी ठरवलं की देशी शिपायांवर नजर ठेवायला साठ-सत्तर हजार गोरे सैनिक हिंदुस्थानात कायम हवेत. इतके लोक, दर काही वर्षांनी बदलायचे, तापाने-कॉलऱ्याने मरतात ते भरून काढायचे, नव्या मुदतीमुळे सहा वर्षांत घरी परत जाणारे वेगळेच. काउंटी रेजिमेंट हा या सगळ्याचा पंप होता. एका टोकाला टाँटन, दुसऱ्या टोकाला मुंबई बंदर, मध्ये जहाज. आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत हे शिपाई परतीच्या जहाजाची वाट बघत पडून राहायचे, काम नाही, ऊन, दारू, ताप, आणि त्यातून डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत जो 'डूलॅली' शब्द आहे तो या देवळालीचाच. च्यायला, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत नाशिक जिल्हा गेला तो असा.

आणि पंपाचं बिल कोण भरत होतं? आपण. १८६१ पासून इथे येणाऱ्या प्रत्येक गोऱ्या शिपायाच्या तिकडच्या भरती-ट्रेनिंगचे म्हणून माणशी १० पौंड हिंदुस्थानच्या तिजोरीतून लंडनला जायचे, पुढे ते साडेसात झाले. मुदत कापली की माणसं लवकर बदलतात, माणसं लवकर बदलली की माणशी बिल वाढतं, म्हणजे सुधारणा त्यांच्या सोयीची आणि खर्च आपला. दादाभाई यावर वर्षानुवर्षं बोलत होते, १८९७ ला गोखले वेल्बी कमिशनपुढे (हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारं कमिशन) साक्ष द्यायला लंडनला गेले तेव्हा लष्करी खर्च हा त्यांच्या मांडणीतला मोठा मुद्दा होता. शाळेत आपल्याला गोखले म्हणजे मवाळ एवढंच शिकवतात, ते पुण्याच्या कॉलेजातला एक मास्तर तिकडे जाऊन साहेबाचे आकडे साहेबाला समजावून सांगत होता हे कोणी सांगत नाही. असो.

म्हणजे काउंटीची पलटण ही परंपरा नव्हती, स्कीम होती. पण इथेच मी 'सगळी इंग्रजांची नाटकं, टाका काढून' वाल्यांपासून वेगळा होतो. स्कीम म्हणून सुरू झालेली गोष्ट एक-दोन पिढ्यांत खरी होऊ शकते आणि ही झाली. डेपो गावात आल्यावर पोरगा रविवारी घरी जेवायला जाऊ लागला. सहा वर्षांनी परतलेला शिपाई त्याच बाजारात काम शोधू लागला, त्याच पबमध्ये जुन्या सोबत्यांना भेटू लागला. १९१४ पर्यंत ही गोष्ट इतकी मुरली होती की युद्ध लागल्यावर सॉमरसेटच्या टेरिटोरियल, म्हणजे आठवड्याला कवायत करणाऱ्या हौशी बटालियन जशाच्या तशा उचलून नोव्हेंबरमध्ये मुंबईला आणल्या, कारण इथले पक्के गोरे शिपाई फ्रान्सला हलवायचे होते. बँकेतले क्लार्क आणि शेतावरची पोरं, एकदम बॅलार्ड पिअरच्या उकाड्यात. त्यातली चौथी बटालियन पुढे मेसोपोटेमियात (आजचा इराक) कूतला पडलेला तुर्कांचा वेढा फोडायला गेली, आणि कूतच्या आत अडकलेल्यात कोण होते? डॉर्सेट, नॉरफक, आणि आपले मराठा. पूना डिव्हिजनच होती ती. पुण्याच्या डिव्हिजनमधले डॉर्सेटचे शिपाई आणि ११७ व्या मराठ्यांचे गणपत (मराठा शिपायाचं फौजेतलं टोपणनाव) एकाच ब्रिगेडमध्ये लढले, मग एकाच वेढ्यात उपाशी राहिले आणि एकत्रच कैदेत गेले. बाहेरच्या बाजूला नॉरफक आणि डॉर्सेटच्या उरल्यासुरल्या माणसांची मिळून एक बटालियन केली, तिला सगळे 'नॉरसेट' म्हणायचे. शंभराहून जास्त वर्षांची खानदानी नावं, आणि माणसं संपली तेव्हा ती जोडायला कोणाला चर्चेची गरज पडली नाही.

गावाची पलटण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती भयानक आहे. १९१४ ला युद्धमंत्री किचनरच्या नव्या फौजेसाठी एका गावच्या मित्रांनी एकत्र भरती व्हा असं आवाहन झालं, लँकशरच्या ॲक्रिंग्टन गावची बटालियन उभी राहिली, १ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत सेर गावासमोर सुमारे ७०० जण उठले आणि तासाभरात ५८४ मेले, जखमी झाले नाहीतर बेपत्ता. एका गावात इतक्या घरी वाईट बातमी. त्यानंतर सरकारने हळूहळू माणसं मिसळायला सुरुवात केली. म्हणजे जो धागा माणसाला खंदकात उभं ठेवतो तोच तुटला तर गावाला घेऊन बुडतो. साताऱ्याकडच्या अपशिंग्यासारख्या गावात वेशीवरचा तो पहिल्या महायुद्धाचा दगड बघितला की हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि तरी तेव्हासुद्धा काउंटी म्हणजे जन्मदाखला नव्हता. पहिल्या महायुद्धात खंदकात लढलेला ब्रिटनचा शेवटचा जिवंत शिपाई हॅरी पॅच, २००९ ला १११ व्या वर्षी गेला. जन्म सॉमरसेटचा, मरण सॉमरसेटमध्ये. लढला कुठल्या पलटणीतून? ड्यूक ऑफ कॉर्नवॉल्स लाईट इन्फन्ट्री. शेजारच्या शेजारची काउंटी. कोणी त्याला विचारलं नाही की बाबा तू कॉर्नवॉलचा आहेस का.

आता त्या लक्षात ठेवलेल्या मुद्द्यावर येतो. इंग्रजांनी घरी पलटणीला जागेचं नाव दिलं. जागेच्या नावाचा फायदा असा की ते कोणालाही घालता येतं, कोटासारखं. बेलफास्टचा कार्लिन सॉमरसेट होऊ शकतो. पण त्याच माणसांनी, त्याच काळात, आपल्याकडे काय केलं? जात मोजली. तेव्हाचे हिंदुस्थानचे सरसेनापती रॉबर्ट्स आणि मंडळींनी लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती अशी यादी केली, आणि ज्या महारांनी मुंबई फौजेत कंपनीच्या काळापासून नोकरी केली होती, कोरेगावच्या खांबावर ज्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांची भरती १८९२-९३ च्या सुमारास बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ ला अर्ज लिहिला, अहो आम्ही तुमच्यासाठी लढलो, आम्हाला दार का बंद. अर्जाचा उपयोग झाला नाही. मग पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपलं की १९२१ ला मोडली, आणि दुसऱ्या महायुद्धात परत १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी केली. माणूस तोच, त्याची छाती तीच, फक्त लंडन-सिमल्याच्या टेबलावरचा कागद बदलला की तो लढवय्या होतो किंवा व्हायचा थांबतो. ज्यांना अजून वाटतं की 'मार्शल रेस' मध्ये काहीतरी तथ्य असेल बुवा, त्यांनी या तारखा शेजारी-शेजारी लिहून बघाव्यात.

आणि आठवण कोणाची राहते याचाही एक हिशोब आहे. तेराव्या पलटणीची सगळ्यात मोठी शान म्हणजे जलालाबाद. पहिल्या अफगाण युद्धात, १८४१-४२ च्या हिवाळ्यात काबूलची फौज कापली गेली, डॉक्टर ब्रायडन घोड्यावर कसाबसा १३ जानेवारीला जलालाबादच्या दारात पोचला, आणि आत जनरल सेलच्या हाताखाली ही पलटण अडकलेली. त्यात फेब्रुवारीत भूकंप झाला, बांधलेला तट पडला, परत बांधला, शेवटी ७ एप्रिलला बाहेर पडून त्यांनी अकबरखानाला हरवलं. परत येताना वाटेतल्या प्रत्येक छावणीत २१ तोफांची सलामी, टोपीवर तटाचा मुकुट आणि 'जलालाबाद' अक्षरं. पण त्या तटात एकटी तेरावी नव्हती. ३५ वी बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्री तितकीच होती, ब्रॉडफूटचे देशी सॅपर होते ज्यांनी तो तट प्रत्यक्षात बांधला. सलाम्या त्यांनाही मिळाल्या. १५ वर्षांनी, १८५७ ला, त्याच ३५ व्या पलटणीची संशयावरून हत्यारं काढून घेतली आणि ती संपली. एका पलटणीला टाँटन होतं, म्हणून बराकीला नाव मिळालं, म्युझियम मिळालं, ७ एप्रिलला परेड मिळाली. दुसरीला अवध-बिहारमधली गावं होती, पण त्या गावांना आणि पलटणीला बांधणारं काही नव्हतंच. तर तिचं काय राहिलं? माझ्यासारख्या रिकामटेकड्याने लिहिलेली ही चार वाक्यं.

(शान म्हटली की थापाही येतात हे मात्र सांगून ठेवतो. या रेजिमेंटचे सार्जंट खांद्यावरचा पट्टा ऑफिसरांसारखा बांधायचे, का, तर म्हणे १७४६ ला स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईत सगळे ऑफिसर पडले आणि सार्जंटांनी लढाई सांभाळली. आता कलोडनला सरकारी बाजूचे मेले पन्नासेक, तेही बहुतेक दुसऱ्याच पलटणींचे. पण किस्सा छान आहे ना, मग चालतंय. आपल्याकडच्या पलटणींचे किस्सेही असेच ऐकावेत, प्रेमाने आणि थोडं मीठ घेऊन.)

तर ही काउंटी रेजिमेंट संपली कधी? तिकडचे लोक २००७ म्हणतात, रागाने. मी म्हणतो २८ फेब्रुवारी १९४८, ठिकाण अपोलो बंदर. त्या दिवशी सॉमरसेट लाईट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीतून चालत गेली आणि बोटीत बसली, हिंदुस्थान सोडणारी शेवटची ब्रिटिश पलटण. भारतीय तुकड्यांनी सलामी दिली, चांदीचा छोटा गेटवे भेट दिला. आली पहिली डॉर्सेट, गेली शेवटची सॉमरसेट, शेजारी-शेजारी काउंट्या, योगायोगच. पण यातला खरा मुद्दा त्या दिवशी बहुतेक कोणाच्या लक्षात आला नसेल, की पंपाचं दुसरं टोकच निघून गेलं होतं. एक बटालियन घरी एक बाहेर, हे गणित ज्या देशासाठी मांडलं तो देशच हातात राहिला नाही. त्याच सुमारास जवळपास सगळ्या काउंटी रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियन मोडल्या. मग १९५७ ला संरक्षणमंत्री सॅण्ड्सची श्वेतपत्रिका, सक्तीची लष्करसेवा बंद, फौज लहान, आणि विलीनीकरणाची माळ. १९५८ ला डॉर्सेट डेव्हनमध्ये, १९५९ ला सॉमरसेट आणि कॉर्नवॉल एक, १९६८ ला श्रॉपशर, यॉर्कशर, डरहॅमसकट सगळ्यांची मिळून लाईट इन्फन्ट्री, १ फेब्रुवारी २००७ ला आणखी तिघांना घेऊन 'द रायफल्स'. काउंटीचं नाव कुठेच नाही. पेपरात पत्रं, म्हाताऱ्या सैनिकांचे मोर्चे, खासदारांची भाषणं.

मला त्या म्हाताऱ्यांचं वाईट वाटतं पण त्यांची बाजू मी पूर्ण घेऊ शकत नाही, कारण काम संपलेल्या यंत्राला नावासाठी चालू ठेवता येत नाही. आणि नाव गेल्याने माणूस लढायचा थांबला असंही दिसलं नाही. २००९ च्या उन्हाळ्यात अफगाणिस्तानातल्या हेलमंडमध्ये सांगीनला द रायफल्सच्या पोरांनी जे भोगलं ते जलालाबादपेक्षा कमी नव्हतं. जे गेलं ते दुसरंच. शवपेट्या विल्टशरच्या वूटन बॅसेट गावातून जायच्या तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर येऊन उभं राहायचं, गावातलाच मुलगा असेल असं नाही, कोणाचाही असो. म्हणजे लोकांना आपली पलटण कोणती हे कळेनासं झाल्यावर त्यांनी सगळ्याच पेट्यांना मान दिला. हे मोठं आहेच. पण मेलेल्याला मान देणं वेगळं आणि जिवंत परतलेल्याला ओळखणं वेगळं.

आणि इथून मी आपल्याकडे येतो.

२०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ आली. चार वर्षं नोकरी, चारातला एक पक्का, तीन घरी. आणि त्याच घोषणेत 'ऑल इंडिया ऑल क्लास', म्हणजे भरती कुठल्याही प्रांताची कुठल्याही जातीची, हळूहळू सगळीकडे. रेजिमेंट सिस्टीमला धक्का नाही असं सरकार सांगतं, पण आमच्याकडच्या पारावर चर्चा एकच, की मराठा लाईट इन्फन्ट्रीत आता गणपत किती राहणार. आमचे नाना मराठ्यातून सुभेदार म्हणून उतरले, त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पोरगं बिहारचं आलं तर येऊ दे की, वर्षभरात शिवाजी महाराज की जय त्याच्या तोंडात बसवू, पण चौथ्या वर्षी त्याला सोडून कसं द्यायचं ते मला सांग." मी त्यांना कार्डवेल वगैरे सांगायला गेलो तर उठून गोठ्यात गेले. पण म्हाताऱ्याने मुद्दा बरोबर पकडला होता.

बघा, कार्डवेल-चिल्डर्सनी मुदत कापली तेव्हा जागेचा धागा घट्ट केला. दोन्ही गोष्टी एकाच आराखड्यात होत्या. शिपाई सहा वर्षांत परत जाणार, तर तो जिथे जाईल तिथे रेजिमेंट असली पाहिजे, डेपो, राखीव तुकडी, हौशी तुकडी, जुने सोबती. साहेबाचा हेतू काही धर्मादाय नव्हता, राखीव सैनिक उद्या हाकेला सापडावा एवढाच, पण त्यातून माणसाला आधार मिळाला. आपण मुदत कापली त्याहून जास्त, आणि त्याच घोषणेत जागेचा धागा सैल केला, आणि राखीव म्हणून मागे काही ठेवलंच नाही. यातलं एक केलं असतं तर समजण्यासारखं होतं. दीर्घ नोकरी असेल तर ऑल इंडिया ऑल क्लास उत्तम, १७ वर्षं एका रेजिमेंटमध्ये काढलेला माणूस कुठलाही असो त्या रेजिमेंटचा होतोच, ब्रिगेड ऑफ द गार्ड्स १९४९ पासून हेच तर करून दाखवतेय. आणि छोटी नोकरी असेल तर मग जवळची भरती, जवळचं सेंटर. दोन्ही एकदम कापलं की चार वर्षांचा शिपाई घरी येतो तेव्हा त्याची रेजिमेंट असते हजार किलोमीटरवर आणि त्याच्याबरोबर खंदकात झोपलेला पोरगा असतो तिसऱ्याच राज्यात.

यावर दोन उलट मुद्दे येतात, दोन्हीत दम आहे. एक, जवळची भरती म्हणजे परत जातीची भरती होईल. होऊ शकते, आपल्याकडे काहीही जातीचं होऊ शकतं. म्हणून तर मी जागा म्हणतोय, जात नाही. नव्या जातीच्या नावाची रेजिमेंट, मग मागणी कोणाचीही असो, मला पटत नाही, आणि स्वातंत्र्यानंतरच्या कुठल्याच सरकारला ती पटलेली नाही. १९७० ला नागा रेजिमेंट झाली तीही एका जातीच्या नावाची नाही, आणि तिच्यात पहिल्यापासून नागांबरोबर कुमाऊनी-गढवालीही आहेत. अहो आपल्या मराठा पलटणींतही इंग्रजांच्या काळात दखनी मराठे, कोकणी मराठे आणि दखनी मुसलमान अशा कंपन्या असायच्या. 'मराठा' या शब्दात जागेचा अर्थ बसतो, तोच वाढवा ना. या मातीत राहणारा तो आला, मग आडनाव काहीही असो. महार रेजिमेंटमध्ये आज सगळ्या जातींचे जवान आहेत आणि नावाचा मान तसूभर कमी झालेला नाही, उलट ज्या नावाला दार बंद होतं त्या नावाखाली सगळा देश उभा राहतो, हे मला गार्ड्सच्या प्रयोगापेक्षाही भारी वाटतं.

दुसरा मुद्दा ॲक्रिंग्टनचा. एका तालुक्याची पोरं एका बटालियनमध्ये घालायची आणि उद्या काही झालं तर? खरंय, आणि म्हणून एका गावची एक कंपनी असा वेडेपणा कोणी करू नये, चार-पाच जिल्ह्यांची मिसळ असावी. पण हे अंतर कमी-जास्त करण्याचं काम आहे, धागाच कापण्याचं कारण नाही.

माझ्या चुलत भावाचा मुलगा पहिल्याच तुकडीत लागला, जानेवारी २०२३ ला ट्रेनिंगला हजर झाला, म्हणजे २०२६ सरता सरता त्याची चार वर्षं भरतात. फोनवर तो परवा विचारत होता की काका, सुटल्यावर रेजिमेंटच्या दिवसाला सेंटरला आलेलं चालतं का, का ते फक्त पेन्शनवाल्यांसाठी असतं. मी म्हटलं नानांना विचारून सांगतो. नाना म्हणाले, "त्याला म्हणावं माझ्याबरोबर चल, गेटवर मी बघतो."